हाकेची शिकार

ससाण्यांच्या मेळाव्यात एका बहिरी ससाण्याच्या मादीने माझ्या नवऱ्याने मला मारलेली हाक हवेतच पकडली. त्यामुळे मला आता नाव नाही.

आम्ही आखातात राहतो. विश्राम एका कंपनीत एसीची यंत्रणा सांभाळतो, मी फोटो काढते. शहराबाहेर वाळवंटात दर हिवाळ्यात शिकवलेल्या ससाण्यांचा मेळावा भरतो, त्यांच्या शिकारीच्या स्पर्धा होतात. या वर्षी तिथले फोटो काढायचं काम मला मिळालं, आणि सुट्टी होती म्हणून विश्रामही सोबत आला.

मी ससाण्यांसाठी ठेवलेल्या आमिषाजवळ वाळूवर पालथी पडले होते. ससाणी अगदी जमिनीलगत येत होती, सरळ माझ्या लेन्सवर. विश्राम घाबरला आणि माझं नाव घेऊन जोरात ओरडला. मला काहीच ऐकू आलं नाही. ती मध्येच वळली, पंजा पुढे केला आणि काहीतरी घेऊन थोड्या अंतरावर उतरली. माझ्या फोटोत तो पंजा स्पष्ट आला आहे. आत काही दिसत नाही, पण बोटं पुरती मिटलेली नाहीत.

"मी आत्ता काय म्हणालो?" विश्रामने विचारलं आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला.

मी स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं. जीभ टाळूला लागली, पुढे काही नव्हतं.

पंचांनी दुर्बिणीतून पाहून शिकार वैध असल्याचं जाहीर केलं.

तिला शिकवणारा गुलजमान नावाचा म्हातारा पठाण धावत आला. ससाणीने पंख पसरून शिकार झाकली होती आणि पिसं उपटावीत तशी मान हिसडत होती.

"काढून घ्या ना तिच्याकडून!" मी म्हणाले.

"हिसकावलं तर ती पुन्हा माझ्या हातावर येणार नाही. बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, बाई." त्याने हातमोज्यावर लावा पक्ष्याची तंगडी धरली. तिने पाहिलंही नाही. "नावाची चव लागली तिला. आता नावच द्या. लवकर द्या, पहिलं अक्षर संपत आलंय."

विश्रामने आपल्या साहेबांचं नाव पुकारलं. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"परक्याचं चालत नाही," गुलजमान म्हणाला. "घरचं द्या."

"मग माझं घ्या." विश्रामने छाती भरून श्वास घेतला.

"थांब!" मी किंचाळले. "दोघंही बिननावाचे झालो तर एकमेकांना शोधायचं कसं?"

गुलजमानला ते पटलं. "घरात आणखी कुणी?"

"कुणी नाही."

विश्राम माझ्याकडे पाहत राहिला. तो कशाचा विचार करतोय ते मला कळलं. आमच्याकडे एक नाव होतं. सातव्या महिन्यातच ठरवलेलं. बाळ घरी आलं नाही, नाव मात्र राहिलं. आम्ही ते कधी मोठ्याने घेतलं नव्हतं.

"ते नको," मी म्हणाले.

"अगं, पण तुला कायमचं..."

"विश्राम, ते नको."

त्याने हाक मारली. "केतकी!"

ससाणीने ते नाव पकडलं नाही. तिने मान वर केली, विश्रामकडे पाहिलं आणि उडून त्याच्या उघड्या मनगटावर येऊन बसली. नख्या रुतल्या, रक्त आलं. त्याने हात हलवला नाही.

ती बसली होती तिथे वाळूवर काही उरलं नव्हतं.

गुलजमान मटकन खाली बसला. "इतकी वर्षं शिट्टीवर बोलावतोय. कुठल्याच नावाला ती आली नाही."

पंच जमले. त्यांच्यात थोडा वेळ अरबीत चर्चा झाली. पक्षी ज्या नावाला येतो ते त्याचं, आणि नाव ज्यांनी ठेवलं पक्षी त्यांचा, असा निर्णय झाला. गुलजमानने डोळे पुसले आणि हातमोजा काढून विश्रामला दिला.

मला वाटलं आपण रडू, पण नुसती धाप लागली होती. मी तिच्याजवळ गेले. तिच्या चोचीला काहीतरी लागलं होतं. ते मी ओढणीच्या टोकाने पुसलं. तिने पुसू दिलं.

आम्ही गाडीकडे निघालो, तेव्हा मागून गुलजमान ओरडला.

"केतकीची आई!"

मी वळले. "हो?"

"संध्याकाळी तिला लावा द्या. हाडं काढू नका, हाडांसकट खाते."

"अख्खा देऊ," मी विचारलं, "की तुकडे करून?"