कॉपर केटलचं स्थळ

आमच्या घराण्यात एक नियम आहे: बाहेरच्या माणसासमोर मोठ्यांना खोटं पाडायचं नाही. का नाही, हे विचारायचंही नाही. मी पाच वर्षांची असताना विचारलं होतं. आई म्हणाली, "मोठी झालीस की कळेल." मी सव्वीस वर्षांची झाले, पुणं सोडून न्यूजर्सीत आले, पत्रकारितेतली मास्टर्स डिग्री घेतली, तरी कळलेलं नाही. उलट या नियमापायी २००६ सालच्या दिवाळीत एक घोडा, एक निरपराध बाई आणि माझी नोकरी, अशी तिघंही एकाच दुपारी गोत्यात आली.

मी तेव्हा एका छोट्या साप्ताहिकात काम करत होते आणि गुरुनाथकाका आणि शोभाकाकूकडे राहत होते. माझ्या वाट्याला दोन विषय: झोनिंग बोर्डाच्या मीटिंगा आणि हरवलेली कुत्री. पण त्या ऑक्टोबरात संपादकबाईंनी मला बोलावून सांगितलं की आपल्या भागातली स्टीपलचेसची मोठी शर्यत जवळ आलीय, तर जिंकण्याची शक्यता असलेल्या घोड्यांवर लेख लिही. स्टीपलचेस म्हणजे नुसतं पळणं नाही, वाटेत आडवी लावलेली उंच झुडपं ओलांडत पळणं. शिवाय शर्यतीच्या दिवशी मैदानावर जाऊन बातमी आण. दोन्ही जमलं तर तुझ्या व्हिसाचे कागद भरू.

मी घोड्यांची सगळी माहिती प्रिंट करून रविवारी सकाळी डायनिंग टेबलवर पसरली. (लायब्ररीत जायला हवं होतं. पण लायब्ररीत चहा मिळत नाही.)

"घोडे?" काका पोह्यांची बशी घेऊन शेजारी येऊन बसले. "मला विचारायचंस ना! पुण्याच्या रेसकोर्सवर मी जायचो."

काका तिथे आयुष्यात दोनदा गेले होते. त्यातल्या एकदा रस्ता चुकून. पण आमच्या मंडळात ते तेवढ्यावर घोड्यांचे जाणकार ठरले होते. त्यांनी लगेच अरुणकाकांना फोन लावला. अरुणकाका दोन घरं सोडून राहतात, आयटीत आहेत, आणि कुठल्याही प्रश्नाची एक्सेल शीट करतात. दहा मिनिटांत ते लॅपटॉप घेऊन हजर.

"हं, पहिलं स्थळ?" काकूने विचारलं.

मी दातओठ खात म्हणाले, "काकू, स्थळ नाही, घोडा आहे."

"तेच गं. नाव सांग."

"कॉपर केटल. वय नऊ. गेल्या वर्षी हीच शर्यत जिंकलाय. दुसरा सेकंड कझिन, सात वर्षांचा, आयर्लंडचा. ओल्या मैदानावर चांगला पळतो. तिसरा ग्रे डीकन. अकरा वर्षांचा, पण आजवर एकदाही पडलेला नाही."

"अकरा म्हणजे वय गेलं," काकूने ग्रे डीकनला पहिल्याच वाक्यात बाद केलं. "आणि इतकी वर्षं राहिला म्हणजे काहीतरी असणार."

"राहिला म्हणजे?"

"जन्मतारखा सांग," अरुणकाका मध्येच म्हणाले. "पत्रिकेचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे."

"सगळ्यांची एक जानेवारी."

तिघांनीही माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी समजावलं की शर्यतीच्या घोड्यांचं वय मोजायला सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारीच धरतात, खरा जन्म कधीही झालेला असो.

"मग त्यात काय," काकू म्हणाली, "आमच्याकडेही शाळेत नाव घालताना सगळ्यांना एक जूनच लावायचे. तुझ्या काकांना तरी खरा वाढदिवस कुठे माहितीय?"

काकांनी विषय बदलला. "वजन किती आहे?"

"कॉपर केटलवर एकशे अठ्ठावन्न पौंड. सर्वांत जास्त. सेकंड कझिनवर त्याच्यापेक्षा दहा पौंड कमी. जो घोडा जास्त चांगला, त्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवतात. म्हणजे शर्यत बरोबरीची होते."

"हा कुठला न्याय?" काका उसळले. "जो गुणी, त्याच्यावरच ओझं?"

हे वाक्य ते ज्या खुर्चीत बसून बोलले, त्या खुर्चीमागे मी तेव्हा त्यांचा दुसरा चहा घेऊन उभी होते. लेखाला तीन दिवस उरले होते आणि सकाळपासून मी एक ओळही लिहिली नव्हती.

"मुलंबाळं होतील ना?" काकूने चष्मा पुसत विचारलं. "घराणं पुढे चालायला हवं."

मग मला तीन वडीलधाऱ्यांसमोर सांगावं लागलं की हे तिन्ही घोडे खच्ची केलेले आहेत. काकांनी पेपर उघडून चेहऱ्यासमोर धरला. अरुणकाकांनी शीटमधला एक कॉलम न बोलता डिलीट केला. काकू मात्र बराच वेळ चुकचुकत होती.

शेवटी निकाल लागला. सेकंड कझिन छत्तीसपैकी साडेएकोणतीस गुण घेऊन पहिला. "परदेशात शिकलाय, वय योग्य, ओझं कमी. हाच लिही," काकांनी मला आज्ञा केली.

मी लिहिला कॉपर केटल. गुरुवारच्या अंकात माझ्या नावाने लेख छापून आला. कॉपर केटलच्या ट्रेनर मिसेस हॉलोवे यांचा मला फोन आला. सत्तरीच्या बाई, एकट्याने तबेला चालवतात. म्हणाल्या, तुझ्याएवढा अभ्यास करून कुणी लिहिलं नव्हतं, शनिवारी तबेल्यात ये. मला आभाळ ठेंगणं झालं. (कॉपर केटल त्या शनिवारी पळालाच नाही. का पळाला नाही, तेच तर सांगतेय.)

शनिवारी नेमकं लक्ष्मीपूजन. काकूने जाहीर केलं की दिवाळीच्या दिवशी पोरीला एकटीला पाठवायचं नाही, आपण सगळेच जाऊ, पूजेला संध्याकाळी परत येऊ. मिनीव्हॅनमध्ये चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि भल्या मोठ्या स्टीलच्या डब्यात काकूच्या प्रसिद्ध चॉकलेटच्या वड्या. मैदानावर गोरे लोक टोप्या घालून गवतात सतरंज्या टाकून बसले होते. काकांनी समोर नजर टाकली आणि थांबले.

"मध्ये ही झुडपं कुणी लावली?"

आठवडाभर ज्या शर्यतीचे अंदाज चालले होते, त्यात उड्या असतात हे जाणकारांना तिथे कळलं.

तबेल्याकडे जायच्या फाटकावर रखवालदार होता. माझ्या गळ्यात प्रेसचा पास. मी आत शिरले, तेवढ्यात मागून काकांचा खणखणीत आवाज आला, "वुई आर ऑल प्रेस!"

रखवालदाराने माझ्याकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही हो, हे माझे काका आहेत आणि यांना घोड्याचं पुढचं मागचं कळत नाही," एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. पण बाहेरच्या माणसासमोर... मी गप्प बसले. गप्प बसले हो! माझ्यासारखी, जिने कॉलेजात प्रिन्सिपलांना लेखी जाब विचारला होता! आणि तिघं आत आले. कॅमेरा म्हणून अरुणकाकांच्या हातात लॅपटॉप, आणि काकूच्या हातात डबा.

मी मिसेस हॉलोवेंशी मैदानाच्या ओलीबद्दल बोलत होते. चार-पाच मिनिटं झाली असतील. अचानक बाई पांढऱ्याफटक पडल्या आणि धावत सुटल्या. कॉपर केटलच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर लालभडक डाग होता.

"ब्लड!" त्या ओरडल्या. डॉक्टर धावले, दोन माणसं धावली, हिरव्या कोटातले एक उंच अधिकारी धावले. घोडा शांत उभा होता आणि मिटक्या मारत होता.

मी काकूकडे वळले. "काकू, काय केलंस?"

"ओरडू नकोस. कुंकू लावलं. बुधवारी वसुबारस झाली, सव्वीस वर्षांत या देशात मला एकदा गाय मिळाली नाही. खेळण्यातली प्लॅस्टिकची गाय पाटावर ठेवून पूजा करते मी, माहितीय ना? हा बिचारा समोर उभा होता. गाय नाही तर घोडा. हात जोडले, आणि तोंड गोड केलं."

"काय दिलंस?"

"वडी. तीन दिल्या. सणाचं एक देत नाहीत."

या लेखासाठी मी नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. शर्यतीनंतर घोड्याचं रक्त तपासतात, आणि चॉकलेटमधलं द्रव्य सापडलं तर ते औषध चारल्यासारखंच धरतात. घोडा बाद, आणि शिक्षा ट्रेनरला. कुणी चारलं हे कुणी विचारत नाही.

डॉक्टरांनी ओल्या कापसाने कुंकू पुसलं, जखम नाही अशी खात्री केली. मग हिरव्या कोटातले साहेब आमच्यासमोर आले. कपाळावर रंग कुणी लावला, आणि घोड्याला काही खायला घातलं का? नसेल तर तो पळेल.

"माय नीस विल एक्सप्लेन," काका म्हणाले आणि लगेच मराठीत, हसऱ्या चेहऱ्याने, "नीलांबरी, फक्त कुंकवाचं सांग. वडीचं नाव काढू नकोस."

"काका, त्या बाईंचं लायसन्स जाईल."

"घोडा काय सांगायला जातोय? आणि तुझा पास तुझ्या नावावर आहे हे लक्षात ठेव. आम्हाला आत कुणी आणलं?"

"हां यार, तुझा व्हिसा आहे," अरुणकाका म्हणाले. "लॉजिकली विचार कर."

"सणासुदीला काकूची शोभा करणार आहेस का?" काकूचे डोळे भरून आले. "मी प्रेमाने दिलं गं."

मिसेस हॉलोवे थोड्या अंतरावर घोड्याच्या मानेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. साहेब वहीवर पेन टेकवून थांबले होते.

आणि मी फुटले.

"नाही!" मी म्हणाले. "मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला आत मीच घेतलं, मी फाटकावर गप्प बसले, ती चूक माझी आहे आणि ती मी कबूल करीन. पास काढून घेतला तर घेऊ देत. व्हिसा गेला तर मी पुण्याला जाईन आणि तिथे हरवलेल्या कुत्र्यांच्या बातम्या लिहीन. पण त्या बाईंनी आयुष्यभर पहाटे उठून तबेला झाडलाय, आणि तुम्ही त्यांचं नाव तीन वड्यांपायी बुडवायला निघालात? मोठे आहात म्हणून? मोठं होणं म्हणजे चूक झाली की धाकट्याला पुढे ढकलणं असेल तर मला मोठं व्हायचंच नाही! काकूने प्रेमाने दिलं हे मला मान्य आहे. तेही सांगीन. पण चॉकलेट दिलं हे आधी सांगीन!"

बोलता बोलता मी काकूच्या हातातला डबा ओढून घेतला, झाकण उघडलं आणि पुरावा म्हणून साहेबांच्या नाकासमोर धरला.

अरुणकाकांनी लॅपटॉप मिटला. काकूने पदर तोंडाला लावला. माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात प्रथमच माझ्या वाक्यानंतर "अगं पण" आलं नाही. साहेब सगळा वेळ माझ्याकडे एकटक बघत मान डोलावत होते. त्यांनाही भरून आलं असावं असं मला वाटलं.

त्यांनी डब्यात वाकून पाहिलं, एक वडी उचलली, तोंडात टाकली आणि समाधानाने चावली.

"थँक यू, मिस, फारच छान आहे," ते म्हणाले. "आता घोड्याने काय खाल्लं, ते जरा इंग्लिशमध्ये सांगाल का?"