कपाशीच्या रांगेतला थेट फुटबॉल

बोंडअळीमुळे जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे मनोबल खचले असल्याची गंभीर दखल एका उच्चस्तरीय बैठकीत घेण्यात आली. अळीचे काय करायचे, यावर एकमत झाले नाही. अळी बीटी बियाण्याला भीत नव्हती, बियाणे विकणारे अळीला भीत नव्हते, आणि कृषी खाते कोणाला भीत होते याची नोंद इतिवृत्तात नाही. मनोबलाचे काय करायचे, यावर मात्र चहा येण्याआधीच एकमत झाले. शेतकऱ्याला खेळ दाखवायचा, थेट, त्याच्या मोबाइलवर. क्रिकेटचे हक्क परवडत नव्हते आणि कबड्डी दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत होती. उरला फुटबॉल. त्यातही शाळांच्या स्पर्धांचे हक्क कोणी मागितलेलेच नव्हते, त्यामुळे ते फुकट होते. अशा रीतीने ‘मनोबल’ नावाचे अ‍ॅप जन्माला आले.

नांदुऱ्याच्या अब्दुल गनीला या थोर विचाराचा पत्ता नव्हता. कापूस खरेदी केंद्रावरचा आपला नंबर आता ‘मनोबल’वरच येतो, म्हणून ते फोनमध्ये ठेवणे भाग आहे, एवढेच त्याला माहीत होते. पण योग असा की त्याची लेक शाहीन शाळेच्या मुलींच्या संघात गोलकीपर होती. पोरीने मैदानावर उड्या मारायच्या, ही गोष्ट पचायला गनीला अख्खा हंगाम लागला होता. एकदा पचल्यावर मात्र गडी असा फिरला, की भावकीत कोणी नाक मुरडले तर तो सरळ विचारायचा, “तुमच्या पोराले एक तरी बॉल अडवता येते का?”

आणि आता शाहीनचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता. सामना बुलढाण्याला आणि गनीची कापसाने भरलेली ट्रॉली केंद्राच्या फाटकाबाहेर. रांग सोडली की नंबर गेला, हा तिथला कायदा. बायको नसीमा लेकीसोबत गेली. जाताना शाहीन बापाला म्हणाली, “अब्बा, आए नहीं तो चलेगा, पर देखना जरूर.”

“देखूंगा, बेटा,” गनी म्हणाला. बापाने लेकीला दिलेला शब्द, दुसरे काय मोठे असते?

खरे सांगायचे तर अ‍ॅपची पहिली आवृत्ती बरी होती. उघडले की मैदान दिसायचे. मैदानात चेंडू दिसायचा. स्पर्धेतला पहिला सामना गनीने रांगेत बसून, शेजारच्या ट्रॉलीवाल्या उकंडरावाच्या खांद्याला खांदा लावून पाहिला होता. पण जी गोष्ट चालते, ती सुधारल्याशिवाय शासनाला चैन पडत नाही. ‘वापरकर्ता अनुभव’ सुधारण्यासाठी पुण्याहून जयमाला मॅडम या तज्ज्ञ बोलावण्यात आल्या आणि त्या थेट रांगेत येऊन दाखल झाल्या. सोबत केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर साहेबही होते, रस्ता दाखवायला.

इथे एक रीत समजून घेतली पाहिजे. ग्रेडर साहेब ट्रॉलीतला कापूस दोन बोटांत ओढून पाहतात आणि ‘ओल जास्त’ एवढे दोनच शब्द म्हणतात. त्या दोन शब्दांत माणसाचा भाव पडतो. म्हणून साहेबाच्या देखत कोणीही, काहीही विचारले तरी रांगेतला माणूस ‘झकास’ म्हणतो. तब्येत कशी आहे? झकास. रस्ता कसा आहे? झकास. सासरे कसे गेले? झकास गेले साहेब, काही त्रास नाही झाला.

“काका, अ‍ॅप वापरताना काही अडचण?” मॅडमनी विचारले.

“काहीच नाही मॅडम. झकास हाय,” गनी ग्रेडर साहेबाकडे बघत म्हणाला.

मॅडमचा चेहरा पडला. अडचणच नसेल तर तज्ज्ञाने करायचे काय? “चित्र लहान वाटतं का?”

“हाव, लहान वाटते.”

“मोठं करू?”

“करा.”

“की लहानच बरं आहे?”

“लहानच बरं हाय.”

मॅडम खूश झाल्या. वापरकर्त्याच्या गरजा बहुपदरी आहेत, असा त्यांनी अहवाल दिला. पुढच्या आवृत्तीत चित्र आपोआप लहानमोठे होऊ लागले. गोलकीपर कधी मुंगीएवढी, तर कधी तिचा एक कान सबंध स्क्रीनभर.

“गनीभाई, काऊन फोनले झटके देऊन राह्यले?” उकंडरावाने विचारले.

“माही पोरगी आत्ता इथंच होती बे.”

मॅडम पुन्हा आल्या. साहेब सोबत होतेच. सुधारणा कशी वाटली? झकास. मग शेतकऱ्याला खेळासोबत माहितीही हवी असणार, असे ठरले. स्क्रीनच्या खाली बाजारभावाची पट्टी आली, वर हवामानाची, डावीकडे बोंडअळीपासून सावधानतेचा इशारा, आणि उजवीकडे ‘खचून जाऊ नका’ असे सांगणारा हसरा शेतकरी. तो इतका हसत होता, की त्याच्याकडे नक्कीच कापूस नसावा. मधल्या चौकोनात फुटबॉल होता. त्यानंतर समालोचन शुद्ध मराठीत झाले. ‘चेंडूने सीमारेषेचे उल्लंघन केलेले असल्याने पुढील कार्यवाही प्रतिस्पर्धी संघाकडे वर्ग करण्यात येत आहे,’ हे वाक्य पुरे होईस्तोवर तो चेंडू परत आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर गेलेला असे. झकास, रांग म्हणाली.

खरी मेख पुढे होती. योजना मनोबलाची. आपल्या तालुक्याच्या संघावर गोल झाला तर बघणाऱ्याचे मनोबल वाढेल की खचेल? खचेल. मग शासनाच्या पैशाने शेतकऱ्याला खचवायचे, हे कोणत्या नियमात बसते? मॅडमनी बिनतोड तोडगा काढला. आपल्या संघावर गोल होण्याचा धोका दिसला, की सामना झाकला जाईल आणि त्या जागी फुललेल्या कपाशीचे शेत व बासरी लागेल. धोका टळला, की वापरकर्त्याला अनुभव विचारून सामना पूर्ववत. मॅडमनी पुन्हा रांगेला विचारले. साहेब एका ट्रॉलीतला कापूस ओढून बघत होते. झकास, झकास, असे आवाज पार रेल्वे फाटकापर्यंत गेले. त्यांत गनीचाही होता.

अंतिम सामन्याच्या दिवशी गनी ट्रॉलीवर कापसात खुर्चीसारखा खड्डा करून बसला. पहिल्या अर्ध्या तासात त्याने फार तर पाच मिनिटे सामना पाहिला असेल, बाकी वेळ कपाशी. चेंडू शाहीनच्या बाजूला सरकला की बासरी सुरू.

“असं फुललेलं वावर म्या जिंदगीत पाह्यलं नाही,” उकंडराव डोळे बारीक करून म्हणाला. “कोन्या गावचं हाय हो?”

बरोबरी झाली. पेनल्टीवर निकाल लागणार होता. शेवटची पेनल्टी शाहीनसमोर आली. ती अडवली तर चषक नांदुऱ्याचा. गनीला पोरगी दिसली, हातमोजे एकमेकांवर आपटत उभी. तो कापसातून गुडघ्यांवर उठला. समोरची मुलगी धावत निघाली. धोका, अर्थातच, शंभर टक्के होता.

कपाशी फुलली. बासरी वाजू लागली.

“हटव! हटव ते वावर!” गनी ओरडला. त्याने स्क्रीनवर बोट घासले, फोन हलवला, शेवटी तोंडाजवळ नेऊन त्याला विनवलेसुद्धा. मग प्रश्न उमटला: ‘आपला अनुभव कसा होता?’ उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. गनीने घाईघाईने पाच तारे दाबले. धन्यवाद आले. मग सामना आला. मैदान रिकामे होते आणि एक माणूस गोलची जाळी सोडत होता.

थोड्या वेळाने शाहीनचा फोन आला. मागे नुसता गलका होता.

“अब्बा, जीत गए! देखे ना?”

“देखा बेटा,” गनी म्हणाला. “क्या छलांग मारी तूने!”

पलीकडे गलका तेवढाच होता, पोरीचा आवाज मात्र उतरला.

“मैं तो हिली भी नहीं, अब्बा,” ती म्हणाली. “खडी थी, वैसीच. बॉल सीधा हाथ में आया.”

गनीने फोन ठेवला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. मग त्याला राग आला, आणि तो चांगला टिकला. “आता कोनी इचारू दे,” तो उकंडरावाला म्हणाला. “तोंडावर सांगतो.”

विचारणारे लवकरच आले. जिल्ह्यातल्या सर्व वापरकर्त्यांनी एकमुखाने पाच तारे दिल्यामुळे ‘मनोबल’ला उत्कृष्ट वापरकर्ता अनुभवाचा राज्यस्तरीय सन्मान जाहीर झाला. बुलढाण्याच्या सभागृहात समारंभ ठरला. विजेत्या संघाची गोलरक्षिका आणि तिचा समाधानी प्रेक्षक पिता यांना मंचावर बोलावण्यात आले. लेकीचा सामना पाहायला रांग सोडता येत नव्हती, पण समाधानी असण्यासाठी ती सोडण्याचा लेखी आदेश निघाला. ट्रॉली अजून फाटकाबाहेरच होती. ती उकंडरावाने सांभाळली.

मंचावर मोठे साहेब होते, जयमाला मॅडम होत्या आणि कडेच्या खुर्चीवर ग्रेडर साहेबही होते. मोठ्या साहेबांनी शाहीनला हार घातला आणि माईक तिच्यापुढे धरला.

“बेटा, तुझा खेळ वडिलांनी बसल्या जागी पाहिला. कसं वाटलं?”

शाहीन माईकजवळ झाली. “सर, माह्या अब्बाले मॅच दिसली नाही. बॉल आला का तुमी कपाशी लावत होते. आणि मैदानावर आमाले प्याले पानी बी नव्हतं.”

पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्यांसाठी उचललेले हात खाली घेतले. मॅडमनी पदर सावरला. मोठे साहेब सावकाश गनीकडे वळले. ग्रेडर साहेब कोणाकडेच बघत नव्हते. ते आपल्या दोन बोटांच्या चिमटीत हारातल्या फुलाची पाकळी ओढून पाहत होते.

“काय गनीभाई?” मोठे साहेब म्हणाले. “सामना दिसला नाही तुम्हाला?”

गनी उभा राहिला. तोंडावर सांगायचे ते सगळे त्याच्या ओठांपर्यंत आले होते. त्याने लेकीकडे पाहिले. ती त्या पेनल्टीच्या वेळेसारखीच उभी होती, न हलता, बाप काय टाकतो ते झेलायला तयार.

“दिसला साहेब,” गनी म्हणाला. “झकास दिसला. लेकरू हाय, तिले काय समजते.”

सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरगी मंचावरून खाली बघत होती, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे एकेक करून. मागच्या रांगेत तुम्हीही होतात. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही फार जोरात नव्हत्या वाजवल्या.