आधी बोलेल तो हरला

लोरेन वेल्डकँपला पैसे मागायची लाज वाटायची, आणि निवडणुकीला उभी राहिल्यापासून फोनवर पैसे मागण्यावाचून तिला दुसरं कामच उरलं नव्हतं. आयोवातल्या एका शाळेची ही ग्रंथपाल राज्याच्या विधानसभेसाठी लढत होती. शुक्रवारपर्यंत पुरेशी देणगी जमली नाही, तर पक्ष अंग काढून घेणार होता. तसं होऊ नये म्हणून पक्षाने डेल स्ट्रोबेल हा प्रचारप्रमुख तिच्या उरावर आणून बसवला होता.

"आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं," डेल म्हणाला. "आधी बोलेल तो हरला. तुम्ही दर वेळी स्वतःच म्हणता, जमत नसेल तर राहू द्या. अशाने कोण देणार?"

"म्हातारी माणसं आहेत हो. अवघडतात."

"अवघडू द्या. त्यातूनच चेक फाटतो."

पुढचा फोन होता ऑर्व्हिल नीमनला. बियाण्यांच्या धंद्यातून निवृत्त झालेला हा म्हातारा पक्का चिकट. लोरेनने हवापाणी विचारलं, मक्याचं विचारलं, आणि डोळे मिटून बोलून टाकलं, "ऑर्व्हिल, तुमच्याकडून मला दोन हजार डॉलर हवेत."

पलीकडे सगळं शांत झालं. नुसता टीव्हीवरचा बेसबॉलचा सामना ऐकू येत होता. डेलने स्पीकरवर ठेवलेला फोन हातात घेऊन आपला आवाज तिकडे जाणार नाही असं बटण दाबलं.

"नाही म्हणणारा लगेच म्हणतो. हा हिशेब करतोय."

थोड्या वेळाने एक लांब घरघर ऐकू आली.

"सुस्कारा," डेल खुशीत म्हणाला. "विरघळला."

"बरे आहात ना, एवढं तरी विचारते."

"विचारलंत की दोन हजार गेले."

जन्मभर पोरांना गप्प बसवणारी लोरेन स्वतः गप्प बसली. सामन्यात जाहिराती आल्या, संपल्या, पुन्हा आल्या. मग लांबून "ऑर्व्हिल? अरे, ऑर्व्हिल?" असा बायकी आवाज आला, आणि पाठोपाठ किंकाळी. लोरेन डेलच्या हातातून फोन हिसकावून, आवाज चालू करून ओरडत राहिली, पण तिकडे फोनकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं.

"वाईट झालं," संध्याकाळी डेल म्हणाला. "त्याच्या बायकोला इतक्यात फोन नको. महिनाभर थांबू."

लोरेनने त्यानंतर एकही फोन केला नाही. शुक्रवार उलटला, पक्षाने अंग काढून घेतलं, आणि डेल दुसऱ्या उमेदवाराच्या उरावर जाऊन बसला.

दफन झाल्यावर ती चिकन-नूडल्सचं भांडं घेऊन नीमनांकडे गेली. शेजाऱ्यांच्या तसल्याच भांड्यांनी ऑर्व्हिलच्या बायकोचा, व्हर्नाचा फ्रिज आधीच भरला होता.

"झटका आला तेव्हाच आणलं असतं तर वाचला असता, म्हणे डॉक्टर," व्हर्ना म्हणाली.

लोरेनने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं. "व्हर्ना, फोनवर मी होते. ते गप्प झाले. मला वाटलं, विचार करताहेत. मग मीही गप्पच बसले."

"किती मागितलेस?"

"दोन हजार."

"ऑर्व्हिलकडे?"

व्हर्ना हसायला लागली. खुर्ची धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मधेच थांबली.

"मी दारापर्यंत आले होते गं," ती म्हणाली. "पाठ माझ्याकडे, फोन कानाला, तोंडातून शब्द नाही. म्हटलं, कुणीतरी पैसे मागतंय. आता समोरचा कंटाळेपर्यंत हा असाच बसणार. पाय न वाजवता परत फिरले आणि बटाटे सोलत बसले. सगळे सोलून होईपर्यंत."