रंग गेला तर?

लेले बाईंनी मला फसवलं. दोन वर्षं, दर शनिवारी, बेडफर्डच्या बाजारात, माझ्याच स्टॉलवर, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं.

मी बोराडे, मूळ सोलापूरचा. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे विकतो. या देशात आलो तेव्हा जवळ एक सुटकेस होती आणि इंग्रजी त्याहूनही हलकं. आधी विटांच्या भट्टीवर राबलो, मग पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार फिरलो, मग स्टॉल टाकला. मँचेस्टरच्या गोदामवाल्यांना मी भर थंडीत घाम फोडलेला आहे. बोराडेला कुणी फसवत नाही, अशी बाजारात माझी ख्याती होती. तीच या बाईंनी धुळीला मिळवली, म्हणून हे लिहितो आहे.

त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस पक्का लक्षात आहे. बारीक चण, मरून ओव्हरकोट, खाली सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी एक टॉवेल उचलला, वास घेतला, उजेडात धरला, पाटीवर माझं नाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं,

"रंग गेला तर?"

"जाणार नाही."

"जाईल का, असं मी विचारलं नाही. गेला तर, असं विचारलं."

"गेला तर परत आणा."

"तुम्ही नसलात तर?"

"मी कुठे जातोय? दर शनिवारी इथेच असतो."

"वारलात तर?"

हे त्यांनी पुढची बस किती वाजता आहे, अशा सुरात विचारलं.

"वारलो तर माझ्या बायकोकडे या."

"त्यांनी ओळख दाखवली नाही तर?"

शेजारी टेरी भाजी विकतो. त्याने विचारलं, बाई काय म्हणते आहे? मी म्हटलं, माझ्या मरणाची चौकशी करते आहे. एवढं होऊन बाईंनी टॉवेल घेतला नाहीच. घडी घालून जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "मला घ्यायचा नव्हता. तुम्ही किती प्रश्नांपर्यंत टिकता ते बघत होते. बरे टिकलात."

लेले बाई मूळच्या पुण्याच्या. यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते गेले. मूलबाळ नाही. नदीजवळच्या गल्लीत एक लहान घर, मागे सफरचंदाचं एक झाड. निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवलं, आणि त्यानंतर काउन्सिलच्या वर्गात इटालियन बायकांना इंग्रजी शिकवायला लागल्या. बेडफर्डला इटालियन लोक पुष्कळ. युद्धानंतर भट्ट्यांवर कामाला आणलेली माणसं, मग त्यांच्या बायका, मग पोरंबाळं. पोरं इंग्रजांसारखी बोलतात. नवरे भट्टीवर कामापुरतं शिकले. बायका मात्र तीस-तीस वर्षं घर आणि चर्च यांच्यामध्ये राहिल्या, त्यांना 'येस' आणि 'नो' एवढंच येई. त्यातलं 'नो' त्यांना उद्धट वाटायचं.

बाई शिकवायच्या ते फक्त 'इफ'. बाकीचं इंग्रजी रेडिओ ऐकून येतं, असं त्यांचं मत. "बोराडे, ज्याला जर-तर बोलता येत नाही, त्याला फक्त हो म्हणता येतं. आणि नुसतं हो म्हणणाऱ्या माणसाला जग सोडत नाही."

याचा पुरावा म्हणजे फिलोमिना. ही त्यांची पट्टशिष्या. ठेंगणी, रुंद, कायम काळ्या कपड्यांत. तिच्या दारात एकदा डबल ग्लेझिंगवाला आला. तो बोलत गेला, ही येस येस म्हणत गेली. घराच्या सगळ्या खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या, आणि मागच्या अंगणातल्या कोळशाच्या खोपटालाही बसल्या. बाई म्हणायच्या, "तिला एवढं म्हणता आलं असतं ना, की खोपट सोडलंत तर घेते, तरी पुरे होतं."

तर अशा या बाई पुढच्याच शनिवारी परत आल्या. म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थिनी दर शनिवारी तुमच्याकडे येतील. मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये व्याकरण, शनिवारी इथे सराव. तुम्ही फक्त नेहमीसारखं वागायचं. तापायचं वगैरे."

"मला काय फायदा?"

"त्या खरेदी करतील."

"प्रत्येकीने केली पाहिजे."

"भाव पटला तर."

"पटेल."

"तर करतील."

मला वाटलं, कोंबड्या आपल्या पायांनी खुराड्यात येताहेत. मी हो म्हटलं. मीसुद्धा नुसतं हो म्हटलं, हे नंतर लक्षात आलं.

पहिले काही आठवडे मजेत गेले. बायका ओळीने उभ्या राहायच्या, चाकांच्या पिशव्या एका बाजूला लावायच्या आणि एकेक जण पुढे यायची. "इफ यू वुड गिव मी टू, आय वुड टेक." लगेच मागून बाईंची छत्री माझ्या टेबलावर टक्कन वाजायची. इटालियन माणसाला दोन्हीकडे 'वुड' घालायची खोड असते म्हणे. बाई त्यांना हातवारे करून सांगायच्या, आणि मला मराठीत, "इफ आणि वुड सख्खे शेजारी असले तरी एका पंगतीला बसत नाहीत. वुडचं पान पलीकडच्या ओळीत मांडायचं." मला यातलं काही कळायचं नाही. चादर खपत होती.

मग हळूहळू त्या तयार झाल्या. बाई गिऱ्हाइकाच्या बाजूला उभ्या राहून माझ्या खोड्या टिपत होत्या आणि शिष्यांना पढवत होत्या. बोराडे डोक्याला हात लावतो तेव्हा अजून उतरायला जागा असते. बोराडे माल आवरायला लागतो तेव्हा खरंच संपलं. एका पावसाळी शनिवारी फिलोमिना पुढे आली.

"इफ आय बाय टू शीट, यू गिव मी पिलोकेस?"

"इफ यू विल बाय फोर," मी म्हटलं.

छत्री वाजली. "बोराडे, 'इफ यू बाय फोर'. विल नको."

गिऱ्हाइकांदेखत. तीस वर्षं मी या इंग्रजीवर संसार केला.

फिलोमिना थांबली नव्हती. "इफ आय बाय फोर, अँड इफ माय सिस्टर बाय फोर, यू गिव अस पिलोकेस. इफ यू डोन्ट," असं म्हणून तिने शांतपणे आभाळाकडे बोट दाखवलं. आभाळ भरून आलं होतं. बाजारात चिटपाखरू नव्हतं. मी चादर टेबलावर आपटली, डोक्याला हात लावला, बायकांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या, आणि अभ्रे गेले. टेरी इतका हसला की त्याचे बटाटे घरंगळले.

मी बाईंवर ओरडलो, "तुम्ही माझ्या जिवावर यांना वकील करताय."

"धंदा वाढला की नाही?"

धंदा वाढला होता. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

बाईंच्या आयुष्यात कटकट एकच होती, ती म्हणजे पुतण्या. संजय ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत, मोठं घर, चांगला मुलगा. काकूने घर विकून आपल्याकडे यावं, खालच्या मजल्यावरची खोली तिच्यासाठीच आहे, असं तो कायम म्हणे. बाई मला सांगायच्या, "ब्रॅकनेलला मी काय करू हो? तिथे दोघं सकाळी जातात, संध्याकाळी येतात. मी दिवसभर त्यांच्या फर्निचरसारखी बसणार. मी त्याला सांगितलंय, क्लास आहे तोवर यायची नाही. तो कबूल झालाय. क्लास बंद झाला तर येईन, अशी अट आहे."

मी म्हटलं, "मग काय काळजी? क्लास तर जोरात आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि टेरीकडे मिरच्या बघायला गेल्या.

गेल्या वसंतातल्या एका शनिवारी सकाळी, बाई यायच्या आधी, एक सुटाबुटातला तरुण स्टॉलपुढे उभा राहिला.

"बोराडे काका? मी संजय. काकूचा पुतण्या."

हा इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याचं मराठी वेगळ्या गिरणीतलं.

"काका, काकू एकटा राहते. मला काळजी वाटतो. इफ शी फॉल्स, कोणाला कळणार?"

इफ लेल्यांच्या घरातच असावा.

"मी मंगळवारी सरप्राइज द्यायला हॉलवर गेलो," तो सांगू लागला. "तिथे कराटे चालला होता. केअरटेकर म्हणाला, इटालियन क्लास दोन वर्षं बंद आहे. काउन्सिलने फंडिंग काढला. आणि काकू मला दर आठवडा फोनवर सांगते, क्लास आहे, क्लास आहे. मला रागवायचा नाहीये तिला. पण तुम्ही खरं सांगा काका. क्लास आहे की नाही?"

माझ्या डोक्यात सणक गेली. दोन वर्षं. म्हणजे त्या टॉवेलचा वास घेत होत्या तेव्हाच हॉल गेलेला होता. मंगळवार नव्हताच. सराव कसला, हाच क्लास होता. माझं टेबल हा त्यांचा फळा, माझ्या चादरी ही त्यांची पाठ्यपुस्तकं, आणि मी दुसरा मास्तर, बिनपगारी. मला एक अक्षर न सांगता. 'नाही' एवढं म्हटलं की वचपा निघणार होता. तोंडावर आलंही होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून चाकांच्या पिशव्यांचा खडखडाट ऐकू आला. पुढे बाई, मागे बायका. बाईंनी संजयला पाहिलं आणि त्या टेरीच्या टेबलापाशीच थांबल्या. एक फ्लॉवर हातात घेतला, फिरवला. टेरीला काहीच विचारलं नाही. किडका निघाला तर, एवढंही नाही. नुसता धरून उभ्या राहिल्या.



"क्लास ना?" मी संजयला म्हटलं. "हा काय. हॉल पुरेना, म्हणून मीच म्हटलं इकडे आणा. उघड्यावर बरं पडतं."

"इथे? बाजारात?"

"मग इंग्रजी काय चर्चमध्ये बोलायचं असतं? तू बाजूला हो, माझ्या मुलींचा तास सुरू व्हायचा आहे."

संजयने बायकांकडे पाहिलं. सगळ्यांत लहान मुलगी साठीच्या पुढची होती. फिलोमिना पुढे झाली. तिला मराठी येत नाही, पण तीस वर्षं भाषा न कळता जगलेल्या बाईला चेहरे वाचता येतात.

"यू आर द नेफ्यू," ती म्हणाली. "यू हॅव बिग हाउस?"

"क्वाइट बिग, येस."

"गुड. इफ यू टेक माय टीचर, आय विल कम टू. अँड माय सिस्टर. अँड शी." तिने मागे बोट दाखवलं. "अँड शी, अँड शी. वी कुक."

संजय आधी हसला आणि मग विचारात पडला. ती खरंच येईल, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. शेवटी तो बाईंजवळ गेला आणि म्हणाला, "काकू, क्लास मस्त आहे. पण रोज रात्री एक फोन करायचा. प्रॉमिस?" बाईंनी मान हलवली. फ्लॉवर अजून हातातच होता. जाताना मी त्याला एक सोलापुरी चादर पूर्ण भावात विकली. त्याच्या घराण्यात घासाघीस न करणारा तो एकटाच.

बाई त्याला गाडीपर्यंत सोडायला गेल्या, तेव्हा फिलोमिनाने नेहमीसारख्या दोन चादरी उचलल्या. मी म्हटलं, चांगल्या आहेत, धुऊन मऊ होतील. ती माझ्या कानाशी वाकली.

"मिस्टर बोरादे, माय कबर्ड डझ नॉट क्लोज. माय सिस्टर, द सेम. वी डोन्ट नीड शीट." मग बाईंच्या पाठमोऱ्या कोटाकडे हनुवटीने दाखवून म्हणाली, "बट इफ वी डोन्ट कम, शी हॅज नो क्लास."

मी पैसे घेतले. धंद्याच्या वेळी रडारड मला चालत नाही.

दुपारी आवरायच्या वेळी बाई थांबल्या. दुहेरी चादरीची घडी एकट्याला नीट जमत नाही. त्यांनी समोरून दोन टोकं धरली, मी दोन धरली, आणि मग मी तोंड सोडलं. दोन वर्षं मला वेड्यात काढलंत. शेजारच्या टेरीलासुद्धा माहीत असेल. घरी का नाही बोलावलंत त्यांना? तुमच्याकडे बैठकीची खोली आहे, केटल आहे, सगळं आहे.

बाईंनी चादर ताणली, एक झटका दिला आणि जवळ येऊन टोकं माझ्या हातात दिली.

"घरी बोलावलं असतं तर त्या मला भेटायला आल्या असत्या हो," त्या म्हणाल्या. "केक घेऊन. एकटी असते बिचारी, म्हणून. मला ते नको होतं. इथे त्या चादरी घ्यायला येतात."

फिलोमिनाच्या कपाटाचं मी काही बोललो नाही. पुढची चादर उचलली आणि टोकं त्यांच्याकडे टाकली. नदीकडून वारा येत होता, चादर मध्ये फुगत होती, आम्ही घड्या घालत राहिलो.

क्लास अजून चालू आहे. आता दोन पोर्तुगीज बायकाही येतात. संजय महिन्यातून एकदा येतो, दूर उभा राहून कॉफी पितो, आणि त्याची बायको म्हणे आता चादर घ्यायला कुठे गेलं की भाव करते. माझं इंग्रजी बाईंच्या मते सुधारतं आहे. बाजारात लोक मला मास्तर म्हणतात आणि मी उलटून बोलत नाही. सगळं ठीक आहे.

पण माझी तक्रार मिटलेली नाही, आणि मी ती मिटवणारही नाही. लेले बाई, मराठीत काय छापून येतं ते तुम्ही सगळं वाचता, म्हणून इथे चारचौघांत विचारतो. हॉल गेला त्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडे सरळ येऊन म्हणाला असतात की बोराडे, माझ्या मुलींना जागा नाही, तर मी नाही म्हणालो असतो, असं तुम्हाला कशावरून वाटलं? शनिवारी स्टॉलवर या आणि याचं उत्तर द्या.