अकरा म्हशींचं पोट

चार वाजता पाण्याचे साहेब तबेला बघायला येणार होते आणि सव्वातीनला पाऊस आला.

टिटवाळ्यापलीकडच्या त्या तबेल्यात विश्रामच्या अकरा म्हशी महिनाभर उन्हानं नुसत्या धापा टाकत होत्या. विहीर तळाला गेलेली, दूध निम्म्यावर आलेलं. सरकारी टँकर मिळाला तरच पुढचे दिवस निभावणार होते, आणि टँकर अडला होता साहेबांच्या सहीवर. अशात ऐन मे महिन्यात आभाळ अर्धा तास धो धो कोसळलं. अंगणाचं डबकं झालं. म्हशी त्यात जाऊन डोळे मिटून बसल्या. विश्रामही पहिली दोन मिनिटं शर्ट काढून भिजला. तिसऱ्या मिनिटाला त्याला साहेब आठवले.

"शेवंती, मेलो! पाणी बघितलं की टँकर कॅन्सल!"

"अहो, वरून पडलंय ते. तुम्ही थोडंच चोरून आणलंय?" बायको म्हणाली. "महिनाभर देवाला सांगत होते मी."

"मग उद्याची तारीख द्यायची ना त्याला!"

गेल्या वर्षी म्हणे कुणाच्या तरी ओट्यावर भरलेली कळशी दिसली आणि तेवढ्यावर त्याचा टँकर गेला. कुणाचा, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे गोष्ट खरी असणार याबद्दल विश्रामला शंका नव्हती.

म्हशी उठेनात. त्यानं शेपट्या ओढल्या, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. मग पेंढ्याचे भारे सोडून सगळ्या डबक्यावर पसरले. अंगण छान कोरडं दिसू लागलं. मधे अकरा डोकी तेवढी वर होती आणि ती आजूबाजूचं अंगण शांतपणे खात होती.

फर्डे साहेब स्कूटरवरून उतरले ते निथळतच.

"केवढा घाम आलाय साहेब तुम्हाला!" विश्राम म्हणाला. "ऊनच तसलं आहे."

साहेबांनी पाऊल पुढे टाकलं आणि ते पोटरीपर्यंत आत गेले.

"हे काय आहे?"

पाणी हा शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढं विश्रामचं पक्कं होतं. "शेण, साहेब."

"एवढं पातळ?"

"उन्हानं पोटं बिघडलीत त्यांची."

"अकराच्या अकरा?"

"एकत्रच खातात ना साहेब."

साहेबांनी पाय उपसला, विहिरीत डोकावून पाहिलं आणि कागदावर सही केली. "परवापासून टँकर येईल. अर्ध्या तासाच्या पावसानं विहीर भरत नाही, एवढं कळतं मला. कल्याणपासून भिजत आलोय."

विश्रामचा चेहरा उजळला.

"पण अकरा जनावरं एकदम आजारी म्हणजे साथ. ते मला वर कळवावं लागणार. डॉक्टर आठ दिवसांनी येतील. तोवर दूध विकायचं नाही."

"साहेब, पाणी आहे हो ते! पावसाचं!"

"मघाशी शेण होतं. म्हणजे सरकारला खोटी माहिती दिलीत? तसं लिहू टँकरच्या कागदावर?"

"शेणच आहे साहेब," विश्राम म्हणाला.

गारवा मिळालेल्या म्हशींचं दूध त्याच संध्याकाळी वाढलं. दुसऱ्या दिवशी तर बादल्या पुरेनात. शेवंतीनं दही लावलं, तूप कढवलं, शेजारीपाजारी वाटलं. चौथ्या दिवशी टँकर येतो की नाही बघायला साहेब आले, तेव्हा तिनं मोठ्या कौतुकानं वाटीभर बासुंदी पुढे केली.

साहेबांचा चमचा हवेत थांबला. "ह्याच म्हशींचं दूध?"

"छे छे!" विश्राम घाईघाईनं म्हणाला. "पलीकडच्या सीतारामकडून आणलंय." दहा वर्षं तो या सीतारामच्या दुधाला नावं ठेवत होता.

साहेबांनी वाटी चाटूनपुसून संपवली. "काय दाट दूध आहे हो! आमच्या कॉलनीला रोज तीस लिटर लागतं. मी खरं तर तुम्हालाच विचारणार होतो, म्हशी बऱ्या झाल्यावर." ते उठले. "आता त्यालाच सांगून टाकतो. कुठलं फाटक त्याचं?"

विश्रामनं हात लांब करून फाटक दाखवलं.

"अजून एक वाटी घ्या ना साहेब," शेवंती म्हणाली. "पुष्कळ आहे."