‘हजेरी माफ’चे जिल्ह्यावरील उपकार

कोणत्याही समाजाला जगण्यासाठी पाणी आणि करमणूक या दोन गोष्टी लागतात. त्यांपैकी करमणूक टँकरने आणावी लागत नाही, म्हणून आमच्या भागाने आधी तिच्यावर भर दिला. हे धोरण किती दूरदृष्टीचे होते, ते ‘हजेरी माफ’ या चित्रपटाच्या इतिहासावरून दिसून येते.

बहात्तरच्या दुष्काळात हा विनोदी चित्रपट लातूरच्या एका कॉलेजात चित्रित झाला. (दिग्दर्शक मुंबईचे. त्यांना भरपूर ऊन हवे होते. ते आमच्याकडे शिल्लक होते.) कथा अत्यंत वास्तववादी. नायक तीन वर्षे वर्गात पाऊल टाकत नाही, गॅदरिंगची निवडणूक जिंकतो आणि प्राचार्यांच्या मुलीशी लग्न करतो. वर्गातल्या प्रसंगासाठी मुले हवी होती. बाकावर बसेल त्याला दोन वेळचे जेवण, असे जाहीर होताच कॉलेजची हजेरी एकशे चाळीस टक्क्यांवर गेली. (वरचे चाळीस टक्के म्हणजे शेजारी दुष्काळी कामावर खडी फोडणारे शिक्षणप्रेमी नागरिक.)

प्राध्यापकाचे काम करणारा नट मात्र आलाच नाही. तेव्हा भूगोलाच्या व्यंकटराव सरांचा खराखुरा तासच कॅमेऱ्यात घ्यावा, असे ठरले. सरांना कुणी काही सांगितले नाही. त्या वर्षी सरकारी माहितीपटाची जीप दुष्काळ टिपत गावोगाव फिरत होती. सरांना वाटले, तीच मंडळी आली. आपले म्हणणे आता थेट दिल्लीला पोचणार, या समजुतीने ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी फळ्यावर आडाचे चित्र काढले आणि अगदी कळवळून म्हणाले, “मुलांनो, पाणी खोल चाललंय. आज जास्तीचं उपसाल ते उद्याच्या वाटणीचं आहे.”

मागच्या बाकावरून उदगीरकडचा मलप्पा उठला. “मंग दोर लांब आणा की सर!”

हे वाक्य त्याला कुणी लिहून दिले नव्हते. वर्ग हसला, कॅमेरावाला हसला, खडीवाले पोट धरून हसले. सर तेवढे हसले नाहीत, त्यामुळे प्रसंग जास्तच रंगला. (समीक्षकांनी पुढे त्यांच्या ‘संयत अभिनया’ची खास नोंद घेतली.)

चित्रपट लोह्यापासून नायगावपर्यंत जत्रेच्या तंबूंत वर्षानुवर्षे लागत राहिला. त्याने समाजजीवनाला वळण लावले. मुलांनी वर्गात जाणे सोडले, त्यामुळे बाकांचे आयुष्य वाढले. गॅदरिंगच्या फिशपाँडात दर वर्षी सरांच्या हाती एक नवा दोर देण्याचा पवित्र प्रघात पडला. सर मान्सूनवर बोलोत की ज्वालामुखीवर, उभे राहिले की हशा ठरलेला. मलप्पा तर त्या एका वाक्यावर तरला. पदवी राहिली, पण ओळखी झाल्या, आणि त्याने बोअर पाडण्याची गाडी घेतली.

पुढे लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हटला की नवे साहेब आले, साहेबांना वसाहत आली, आणि वसाहतीला पाणी आले पाहिजे, हे ओघानेच आले. ही वसाहत एका जुन्या वस्तीला खेटून होती. वस्तीला एकच आड. डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाणारी सरजाबाई आणि तिची सारी गल्ली त्यावरच पाणी भरायची.

पाऊस पुन्हा रुसला, तेव्हा टंचाई निवारणाची बैठक भरली. वसाहतीच्या आवारात विंधन विहिरी घेण्याचा ठराव आला. (काम मलप्पाकडे. अनुभवी माणूस.) व्यंकटराव सरांना तज्ज्ञ म्हणून सन्मानाने बोलावण्यात आले, कारण त्यांचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता.

सर उठले. “इथे बोअर घेतले तर वस्तीचा आड आटेल. पाणी खोल...”

वाक्य पुरे झालेच नाही. मोठे साहेब इतके हसले की बशीतला चहा ठरावावर सांडला. ठराव ओल्या स्थितीत एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात नोंद आहे: ‘प्रा. व्यंकटराव यांनी उपस्थितांचे मनोरंजन केले. आभार मानण्यात आले.’

सर तिथून तडक आडावर गेले. “बाई, ते बोअर होऊ देऊ नका. सगळे मिळून अडवा. तुमचा आड आटेल.”

सरजाबाईने घागर खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. “अगं माय, पिच्चरमधले सर! पोरीहो, या गं लवकर! सर, ते दोराचं म्हणा की एकदा!”

सर घरी आले, दार लावून घेतले आणि रडले. हा प्रसंग चित्रपटात नसल्याने फारसा कुणाला ठाऊक नाही.

बोअरला पाणी उत्तम लागले. साहेबांच्या अंगणात हिरवळ आली. वस्तीचा आड संक्रांतीलाच तळाला गेला आणि शिमग्याला कोरडा पडला. मग एका दुपारी सरजाबाई रिकामी घागर घेऊन सरांच्या दारात उभी राहिली.

“तुमाला माहीत व्हतं तर नीट सांगायचं न्हाई का, सर? लोकाला हसू येईल असं सांगत बसलात, तर कोण ऐकंल?”

“चुकलंच माझं, बाई,” सर म्हणाले. त्यांनी घागर आत नेली आणि स्वतःच्या पिंपातले पाणी तिच्यात ओतले. पिंपात होते तेवढ्याने ती अर्धीच भरली.

या प्रकरणी दोष सरांचाच, असे आमचेही मत आहे. गंभीर चेहऱ्याने सांगितलेल्या गोष्टीला लोक हसतात, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात यायला हवे होते. आम्ही ती चूक केलेली नाही. आम्ही मुद्दाम गमतीने सांगितले. वाचकहो, आपणही मघापासून गालातल्या गालात हसत आहात, ते आम्हाला दिसते आहे. खुशाल हसा. फक्त वाचून झाले की उठून तेवढी मोटार बंद करा. गच्चीवरची आपली टाकी केव्हाची भरून वाहते आहे.