थंड पुदिन्याला एक तारा

माणसाने स्वतःच्या जिभेवर विसंबून राहू नये, हे आता सर्व सुधारलेल्या समाजांनी मान्य केले आहे. जीभ एकटी असते, पक्षपाती असते, आणि सकाळच्या चहाची चव दुपारपर्यंत मनात धरून बसते. याउलट चारशे बारा अनोळखी जिभांनी आपापले म्हणणे लिहून खाली तारे दिले, की त्यातून जे निघते त्याला सत्य म्हणतात. (तारे एक ते पाच असतात. शून्य देण्याची सोय नाही. तेवढी सभ्यता आमच्या देशात अजून शिल्लक आहे.)

इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात, आमच्या क्लॅगशॉ गावात विणकरांचा क्लब आहे. विणकर एकही उरलेला नाही. परंतु क्लब आहे, समिती आहे, इतिवृत्ताची वही आहे, आणि ती गेली सव्वीस वर्षे मी, चिटणीस नॉर्मन थिसलथ्वेट, लिहितो आहे. म्हणून विल्फ ऑलरेनशॉच्या प्रकरणाची हकीकत माझ्याइतकी अधिकृतपणे दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

विल्फ हा निवृत्त बस ड्रायव्हर. वय चौसष्ट, रोजच्या सिगारेटी तीस. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, आम्ही क्लबात जेवत असताना, त्याची मुलगी ब्रायनी पाच महिन्यांचे पोट घेऊन आली आणि खुर्चीवर न बसताच बोलली.

"बाबा, सरळ सांगते. मार्चमध्ये बाळ येईल. सिगारेट सुटून चौदा दिवस झाले की मांडीवर घ्यायचं. तोवर खिडकीतून बघायचं."

"खिडकीतून? अगं, मी काय पोस्टमन आहे?"

"पोस्टमन आत आला तरी चालेल. तो ओढत नाही."

विल्फने ताटातला बटाटा तसाच ठेवला. या माणसाने बटाटा टाकलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता, बायको गेली तेव्हा. त्याच संध्याकाळी त्याने जाहीर केले की सिगारेट सोडायची आणि व्हेप, म्हणजे सुवासिक वाफ ओढायचे विजेचे यंत्र, धरायचे. निर्णय उत्तम होता. आता त्या यंत्रात घालायचे लिक्विड कोणते, एवढाच किरकोळ प्रश्न उरला.

वास्तविक क्लबच्या समोरच इव्हॉनचे व्हेपचे दुकान आहे. पूर्वी तिथे खाटीक होता. छताला मांस टांगायचे आकडे अजून आहेत. इव्हॉन कोणालाही फुकट झुरका मारून बघायला देते. "ये रे राजा, चव घेऊन बघ, नाही आवडलं तर जा," असे ती दारातूनच ओरडते. विल्फ तिकडे निघालाही होता. मी त्याला वेळीच अडवले आणि तीन हरकती नोंदवल्या.

पहिली हरकत खर्चाची. इव्हॉनची बाटली चार पौंडांना. तीच व्हेपचे सामान विकणाऱ्या संकेतस्थळावर, दहा एकदम घेतल्यास, एका पौंडाला. विल्फच्या पेन्शनीत उधळपट्टी बसत नाही. (सिगारेटचे पाकीट पंधरा पौंडांना पडते, परंतु तो जुना खर्च आहे, आणि जुन्या खर्चाला खर्च म्हणत नाहीत.) दुसरी हरकत लाजेची. फुकट चव घेऊन काही न घेता बाहेर पडायचे कसे? आमच्याकडे एकाने चीजच्या दुकानात असे केले होते. त्याला पुढे गाव सोडून लीड्सला राहायला जावे लागले. तिसरी हरकत सर्वांत गंभीर. चव घेतल्यावर इव्हॉन विचारणार, कसं आहे? आणि विल्फ म्हणणार, छान. आमच्या गावात तोंडावर दुसरे उत्तर देतच नाहीत. मयताच्या जेवणातले सँडविच छान असते, न बसणारी कवळी छान असते, हवासुद्धा छान असते. खरे काय ते माणूस घरी जाऊन, टोपणनाव घेऊन, परक्या लोकांना लिहून कळवतो.

तेव्हा अभिप्राय वाचून निवड करावी असा ठराव मी मांडला. उपसमिती नेमली गेली. सभासद दोन, विल्फ आणि मी.

या कामी माझा अनुभव उपयोगी पडणार होता. मी जन्मात काही ओढलेले नाही. परंतु याच संकेतस्थळावर गेली तीन वर्षे 'प्रामाणिक रॉन' या नावाने अभिप्राय लिहितो. प्रत्येक अभिप्रायाला दहा गुण मिळतात, कोणी तो 'उपयोगी' ठरवला की आणखी दोन, आणि पाचशे गुणांना एक छत्री. माझ्याकडे चार छत्र्या झाल्या होत्या. न चाखता लिहिणे गैर आहे असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्याने चाखले त्याचे मत बनते, आणि मत बनलेला माणूस निःपक्षपाती राहत नाही.

काम जोरात सुरू झाले. विल्फने दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या, रकाने पाडले. 'स्ट्रॉबेरी कस्टर्ड' या पहिल्याच लिक्विडच्या चारशे बारा अभिप्रायांचा आम्ही तीन आठवडे अभ्यास केला. त्यांतले एकशे अठ्ठ्याऐंशी पार्सल आणणाऱ्या माणसाच्या वागणुकीबद्दल होते. एकाहत्तर बाटलीच्या झाकणाबद्दल, शेहेचाळीस पार्सल कुत्र्याने फोडल्याबद्दल. एकोणचाळीस जणांनी बाटली अजून उघडली नव्हती, पण त्यांना आशा होती आणि त्यांनी पाच तारे दिले होते. तीस जणांनी ते मेव्हण्यासाठी घेतले होते आणि मेव्हण्याशी त्यांचे बोलणे नव्हते. सदतीस जण कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते यावरून एकमेकांशी भांडत होते. उरलेला एक चवीबद्दल होता. त्यात लिहिले होते, "चव ओळखीची वाटली."

"कशासारखी ओळखीची, ते लिहायला नको का लेकाच्याने?" विल्फ म्हणाला आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला. अभ्यासाला एकाग्रता लागते. ख्रिसमसपर्यंत तिसाच्या चाळीस झाल्या.

जानेवारीत विल्फला रॉन सापडला.

"नॉर्मन, हा माणूस बघ. दोनशेच्या वर लिक्विडं ओढलीत याने. नावापुढे सोनेरी बिल्ला आहे. बाकीचे नुसते बडबडतात. हा कसा नेमकं लिहितो!"

"मलाही तसंच वाटतं," मी म्हणालो. तो मीच, हे सांगणे आत्मप्रौढीचे ठरले असते.

नऊ मार्चला ब्रायनीला मुलगी झाली. नाव मेबल. दुसऱ्या आठवड्यात विल्फ तिच्या घरी गेला आणि ठरल्याप्रमाणे फुलांच्या वाफ्यात उभा राहिला. ब्रायनीने आतून बाळ काचेशी धरले. विल्फने नखाने काच वाजवली. बाळाने जांभई दिली. "माझ्याकडे बघून दिली," असे त्याने क्लबात येऊन सगळ्यांना, बारमागच्या माणसाला दोनदा, सांगितले. त्याच दिवशी उपसमितीने अकराशे चाळीस लिक्विडांमधून सहा अंतिम केली होती, हे इथे अभिमानाने नमूद करतो. एप्रिलअखेर ती नऊ झाली, कारण मधल्या काळात तीन नवी आली.

मेमधल्या सुट्टीच्या सोमवारी ब्रायनीने शिस्त मोडली. बाळाला नवऱ्याकडे देऊन ती तडक इव्हॉनच्या दुकानात शिरली. पुढचे मी खिडकीतून पाहिले आणि दार उघडे असल्याने ऐकलेही.

"बाबांसाठी काहीतरी दे गं. काहीही दे."

"बस चालवताना तोंडात काय ठेवायचा तो?"

"पुदिन्याच्या गोळ्या."

"मग हे घे. थंड पुदिना. आणि हे साधं यंत्र, बटण एकच आहे."

वेळ, चार मिनिटे. वाचलेले अभिप्राय, शून्य. इतक्या बेजबाबदारपणे आमच्या गावात लग्नेसुद्धा ठरत नाहीत.

ती क्लबात आली, बापाच्या खिशातले सिगारेटचे पाकीट काढले आणि माझ्या ग्रेव्हीच्या भांड्यात बुडवले. "ओढा," म्हणाली. विल्फने एक झुरका घेतला, खोकला, दुसरा घेतला. आम्ही सगळे थांबलो.

"बरं आहे," तो म्हणाला.

आमच्या भागात याहून मोठी स्तुती कोणी कशाची केल्याचे मला आठवत नाही. स्वतःच्या लग्नातही विल्फ एवढेच म्हणाला होता.

चौदावा दिवस रविवारी येत होता, आणि त्याच रविवारी चर्चमध्ये मेबलचा बाप्तिस्मा होता. विल्फने एकही सिगारेट ओढली नाही. दुसरा दिवस, चौथा, सातवा. चेहऱ्यावर रंग आला. जेवणात मटणाची पाई संपवून त्याने दुसरी मागितली. मांडीवर घ्यायचे म्हणून निळा शर्ट विकत आणला, कारण जुन्या सगळ्यांना वास होता. किमतीची चिठ्ठी न काढता तो हँगरला लावून ठेवला. बाळाचे डोके कसे धरतात ते त्याने क्लबातल्या उशीवर माझ्याकडून तपासून घेतले. (मला मूल नाही. परंतु त्या विषयावर मी बरेच अभिप्राय वाचले आहेत.) मी त्याला इतका आनंदी कधी पाहिला नव्हता, आणि खरे सांगतो, मला त्याचा हेवा वाटला.

नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, बाटली संपत आली. ब्रायनीने बजावले होते की समोरून तीच घ्या. पण विल्फ काटकसरी माणूस. तीच बाटली स्वस्तात मिळते का ते बघावे म्हणून त्याने क्लबात बसून संकेतस्थळ उघडले.

थंड पुदिना. सरासरी तीन पूर्णांक एक तारे. सर्वांत वर, सोनेरी बिल्ल्यासह, प्रामाणिक रॉन. एक तारा. "कुबट चव. घसा खरवडतो. आठवड्यात डोके धरले. याहून सिगारेट बरी म्हणायची पाळी आली." खाली नोंद, एकशे बारा जणांना उपयोगी वाटले.

याचा खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मी ओळीने सोळा लिक्विडांना पाच तारे दिल्यावर संकेतस्थळाने कळवले होते की आपले अभिप्राय एकतर्फी दिसतात, कृपया समतोल राखावा. समतोलासाठी कोणाला तरी एक तारा देणे भाग होते. त्या दिवशी यादीत थंड पुदिन्याचा क्रम आला. मजकूर मात्र चांगला उतरला होता, हे त्यावेळीही जाणवले होते.

"नॉर्मन, बघ रे. रॉन काय म्हणतोय."

"तुला तर आवडलं होतं ना?"

"आवडलं होतं रे. पण मला काय कळतंय? मी आयुष्यभर बस हाकली. त्या माणसाने एवढी ओढलीत, त्याला जास्त कळणार की मला?" त्याने गळ्यावरून हात फिरवला. "आणि आता लक्षात येतंय बघ. जरा खरवडतंय."

मी बोलणार होतो. पण बोलायचे म्हणजे खुलासा करायचा, खुलासा करायचा म्हणजे विषय आधी कार्यपत्रिकेवर घ्यायचा, आणि तो घेतलेला नव्हता. मला वाईट वाटले. तसे मी इतिवृत्तात नोंदवले.

विल्फने बाटली कचऱ्यात टाकली. टाकण्याआधी त्याने फोनच्या पडद्यावर, रॉनच्या अभिप्रायाखाली, एकदा बोट दाबले. मग बाहेर जाऊन कोणाकडून तरी सिगारेट घेतली. बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

रविवारी रिमझिम होती. चर्चच्या हॉलच्या दारात विल्फ निळा शर्ट घालून उभा राहिला, दोन्ही हात पुढे करून, उशीवर शिकला होता तसे. ब्रायनी बाळ घेऊन त्याच्याजवळ आली आणि तिने नाकाने एकदा श्वास घेतला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

"शर्ट छान आहे, बाबा," ती म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली.

विल्फ हॉलच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. आत केक कापला जात होता. मी मागून गेलो आणि त्याच्या डोक्यावर छत्री उघडली. नवी होती, शुक्रवारीच आली होती. पाचव्या छत्रीला दोनच गुण कमी पडत होते. मंगळवारी दुपारी त्या एकशे बाराचे एकशे तेरा झाले, आणि तो एकशे तेरावा कोण, हे मला माहीत आहे.

"छान आहे रे छत्री," विल्फ म्हणाला. त्याने काचेवर नख वाजवले. आतून कोणी पाहिले नाही.

तुम्ही एव्हाना विल्फला मनातून मूर्ख ठरवून मोकळे झाला असाल. जरूर ठरवा. परंतु ज्याला कधी पाहिलेले नाही अशा माणसाने लिहिले म्हणून तुम्ही क्लॅगशॉवर विश्वास ठेवलात, विल्फवर ठेवलात, आणि चारशे बारा अभिप्रायांचा हिशेब मी दिला तेव्हा त्याची बेरीज करून पाहिली नाहीत. मी नेमके आकडे दिले आणि तुम्ही मान डोलावलीत. माझ्या नावापुढे सोनेरी बिल्लाही नव्हता. तेव्हा असे भिजत लांब उभे राहू नका, इकडे खिडकीशी या. जरा अंग चोरून उभे राहा, छत्री लहान आहे.